अक्षरं जरा मोठी हवीत

त्या रविवारी दादा कागद नाकाला लावून बसले नसते, तर पुढचं रामायण घडलं नसतं. आणि बसले होते तरी धाकट्यांनी तिकडे दुर्लक्ष करून, चहा पिऊन, गपचूप घरी यायचं होतं. पण कुणाची अडचण दिसली की धाकट्यांना राहवत नाही. त्यातून ती अडचण कॉम्प्युटरने सुटण्यासारखी असली, तर मग विचारूच नका.

धाकटे म्हणजे दादांचे धाकटे भाऊ. केस पांढरे झाले, त्यातले बरेचसे सोडूनही गेले, तरी दोन्ही घरांत आणि अख्ख्या बिल्डिंगमध्ये त्यांचं नाव धाकटेच. विमा कंपनीत ते हप्त्यांचे हिशेब करणारे प्रोग्रॅम लिहायचे. दादा पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांना नाद एकच, ल्यूट वाजवायचा. ल्यूट हे फार जुनं तंतुवाद्य. अर्धा कापलेला भोपळा घ्यावा, त्याला मान लावावी, आणि त्या मानेचं टोक असं मागे वळवावं की पहिल्यांदा बघणाऱ्याने हळहळत विचारावं, "अरेरे, पडलं का हो?" नाही, तसंच असतं ते.

दादांच्या हातात होती एका जुन्या हस्तलिखिताची झेरॉक्स. चार पानांची एक लांबलचक रचना. दादांना वाजवायला शिकवणारे मास्तर ती देताना म्हणाले होते, "ही आत्ता नको. तुला फार घाई असते. नोकरी संपली की निवांत वाजव." दादा आज्ञाधारक. त्यांनी निवृत्तीची वाट बघितली. आणि ते निवृत्त झाले तसा त्यांच्या डोळ्यांनीही राजीनामा दिला.

"मधोमध डाग पडत चाललाय म्हणे," वहिनी चहा देता देता म्हणाल्या. "कडेकडेचं दिसत राहील, मधलं जाईल. डॉक्टर म्हणाले, मोठ्या अक्षरात असेल तर वर्षभर वाचता येईल. पुढचं सांगता येत नाही."

"मग झेरॉक्स मोठी करून घ्या की," धाकटे म्हणाले.

"केली. अक्षराबरोबर शाईचे डागही मोठे होतात. यांनी एक डाग दोन दिवस वाजवला."

दादा हसले. "अक्षरं जरा मोठी हवीत रे," ते म्हणाले. "स्वच्छ आणि मोठी. एवढी एक रचना वाजवली की मग डोळ्यांना म्हणणार, जा बाबांनो, कुठे जायचं तिकडे."

आता ही अक्षरं म्हणजे काय ते सांगायला हवं. ल्यूटच्या जुन्या लिपीत सूर लिहीत नाहीत, बोट कुठे ठेवायचं ते लिहितात. सहा रेघा म्हणजे सहा तारा. रेघेवर 'ए' असेल तर तार मोकळी सोडायची, 'बी' असेल तर मानेवरच्या पहिल्या पडद्यावर बोट, 'सी' असेल तर दुसऱ्या. किती वेळ थांबायचं ते वरच्या बारीकबारीक निशाणांवरून समजून घ्यायचं. झालं. इतकं सोपं. धाकट्यांनाही ते तसंच वाटलं, आणि इथेच घात झाला.

कारण धाकट्यांना एक प्रोग्रॅम ठाऊक होता. संगीताची पानं छापायचा. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेला, सगळ्यांना फुकट, आणि कुणालाही त्यात भर घालता येईल असा. गिटारसाठी रेघांवर आकडे छापायची सोय त्यात होतीच. आकड्यांच्या जागी अक्षरं टाकायची, निशाणं वर चढवायची, आकार मोठा करायचा.

"एका रविवारचं काम आहे," धाकटे म्हणाले.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाच्या तोंडून हे वाक्य निघालं की घरच्यांनी त्याला पाणी पाजून झोपवलं पाहिजे. पण वहिनींना ते माहीत नव्हतं. त्यांनी कौतुकाने आणखी एक कप चहा दिला.

पुढचा रविवार त्या प्रोग्रॅमला धाकट्यांच्या कॉम्प्युटरवर उभं करण्यात गेला. त्याच्या पुढचा रविवार, तो उभा का राहत नाही हे शोधण्यात. त्यानंतर कुठे अक्षरं उमटली, आणि मग 'सी'चं प्रकरण निघालं. जुन्या लोकांचा 'सी' दिसतो 'आर'सारखा. 'ई' आणि 'सी' यांची गल्लत होऊ नये म्हणून त्यांनी तो मुद्दाम तसा वळवलेला. धाकटे झेरॉक्स घेऊन जिन्यात उजेडाला उभे होते, तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर उतरले.

"काय आहे?"

"जुनी लिपी आहे, सर. हा 'सी' आहे."

हेडमास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद लांब धरला, जवळ धरला. "हा 'सी'? याला मी शून्य दिलं असतं. द्या जरा, बघतो निवांत."

हेडमास्तरांना नाही म्हणण्याची टाप बिल्डिंगमध्ये कुणाचीच नाही. वॉचमनच्या रजेच्या अर्जावरही ते शुद्धलेखन तपासून सही करतात. संध्याकाळी पानं परत आली. प्रत्येक 'सी' लाल शाईने गोल करून, बाजूला नीट गिरवून दाखवलेला. त्यातले काही त्यांनी 'ई' समजून 'ई' केलेले. आणि शेवटच्या पानावर शेरा: "प्रयत्न आहे. वळण नाही."

धाकट्यांना दादांकडे जाऊन दुसरी प्रत मागावी लागली. नशिबाने ती होती. "ती पहिली कुठे गेली?" असं दादांनी विचारलं, तेव्हा धाकटे म्हणाले, "तपासायला दिलीये." ते खोटं नव्हतं.

होता होता पहिलं पान तयार झालं. धाकट्यांनी ते मोठ्या अक्षरात छापून, गुंडाळी करून, लग्नाचं आमंत्रण द्यायला जावं तसं दादांना नेऊन दिलं. दादांनी ते खिडकीशी धरलं. "स्पष्ट दिसतंय रे!" म्हणाले. त्या वेळी खरंच दिसत होतं. धाकटे तरंगत घरी आले.

आठवड्याने वहिनींचा फोन आला. आवाज दबका. "भाऊजी, राग मानू नका, पण ते पान बरोबर आहे ना?"

"का हो?"

"नाही, हे रोज दिवसभर तेच घेऊन बसतात. बोटं सुजलीत. शेजारचे विचारून गेले, घरात दुरुस्ती काढलीय का म्हणून. मी यांना म्हटलं, हे कसंतरीच लागतंय. तर म्हणतात, नाही, रचना जरा धाडसी आहे. मास्तर म्हणालेच होते, घाई नको."

धाकट्यांनी पान उघडून बघितलं आणि त्यांच्या कानशिलांत धग आली. झालं होतं असं, की जुन्या लोकांत दोन पंथ होते. एका पंथात सगळ्यात बारीक तार वरच्या रेघेवर, दुसऱ्या पंथात तीच तार खालच्या रेघेवर. धाकट्यांनी उत्साहाच्या भरात दोन्ही पंथांची सोय केली होती, आणि दादांचं पान भलत्याच पंथात छापलं होतं. सगळी रचना पायावर उभी असायची ती डोक्यावर. दादांनी ती आठवडाभर, एकेक सूर निष्ठेने, डोक्यावर वाजवली होती. पान चुकलं असेल असं त्यांच्या मनात आलं नसेल असं नाही. पण भावाने केलंय म्हटल्यावर ते बोट सुजवून घेतील, भावाला चुकलास म्हणणार नाहीत. असा तो माणूस.

तो अपमान धाकट्यांच्या जिव्हारी लागला. दुसरा कुणी असता तर बटण फिरवून, सरळ पान छापून, त्याच संध्याकाळी देऊन आला असता. धाकट्यांनी शपथ घेतली. आता अर्धवट, कच्चं, घरगुती काही दादांच्या हातात द्यायचं नाही. ही सोय प्रोग्रॅममध्ये रीतसर दाखल होईल, जाणकार लोक ती तपासतील, नवी आवृत्ती जाहीर होईल, आणि मगच, त्या आवृत्तीतून, दादांची चारही पानं छापून निघतील. पक्कं काम. बोट दाखवायला जागा नाही.

रीतसर म्हणजे काय ते त्यांना लवकरच कळलं. प्रोग्रॅमवाल्या मंडळींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, की तुम्ही नोकरी करता, तर तुमच्या कंपनीचं पत्र आणा, या कामावर आमचा हक्क नाही म्हणून. धाकटे कंपनीच्या कायदा विभागात गेले. तिथे टेबलावर फायलींचा ढीग, ढिगाच्या पलीकडे साहेब.

"यात कंपनीचा फायदा काय?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही."

"तोटा?"

"काहीच नाही."

"मग परवानगी कशाची मागताय?"

"काही नाही, असं कंपनीने लिहून द्यावं, याची."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. काही नाही असं लिहून देण्यात फार धोका असतो, हे त्यांनी धाकट्यांना खुर्चीवर बसवून समजावलं. मग अर्ज वर गेला. वरून आडवा गेला. महिन्याभराने कुठल्यातरी तिसऱ्याच खात्याचा शेरा घेऊन परतला: "सदर वाद्याचा विमा उतरवलेला आहे काय?" धाकट्यांनी खुलासा केला, की वाद्य दादांचं आहे. त्यावर दादांच्या वयाचा पुरावा मागवण्यात आला. अखेर पत्र हाती पडलं तेव्हा दादांच्या नावाने कंपनीच्या तीन पॉलिसींची माहितीपत्रकंही त्यांच्या घरी जाऊन पडली होती. दादांनी ती भिंग लावून वाचली आणि फोनवर म्हणाले, "अक्षर फार बारीक आहे रे यांचं."

पत्र गेलं आणि सासूबाईंच्या हाती प्रकरण आलं. सासूबाई म्हणजे आलेलं काम तपासून आत घ्यायचं की नाही हे ठरवणारे प्रोग्रॅममधले एक सद्गृहस्थ. बाई की बुवा, कुठे राहतात, काय खातात, काही ठाऊक नाही. प्रोग्रॅमवाल्यांच्या इंटरनेटवरच्या चर्चेत, म्हणजे फोरमवर, फक्त लिहायचे. पण बोलणं कायम गोड आणि दर वाक्यात एक खोट, म्हणून धाकट्यांच्या बायकोने त्यांना सासूबाई हे नाव दिलं, आणि मग घरात तेच चालू झालं.

"काय म्हणाल्या आज सासूबाई?" बायको ताट वाढता वाढता विचारायची.

"म्हणतात, छान झालंय. फक्त एका ओळीच्या शेवटी मोकळी जागा सुटलीय."

"मोकळी जागा दिसते कशी?"

"दिसत नाही. पण आहे."

"माझ्या सासूबाई पण असंच म्हणायच्या. डब्याच्या मागे धूळ आहे म्हणून."

धाकट्यांनी ती न दिसणारी जागा पुसली. मग सासूबाई म्हणाल्या, छान, पण नाव काय दिलंय? 'ऐतिहासिक ल्यूट लिपी'. आणि अक्षरं तर दोनच पंथांची. जर्मन पंथाचं काय? तो असल्याशिवाय 'ऐतिहासिक' हा शब्द जरा जास्तच होत नाही का? आता जर्मन पंथात रेघाच नसतात. प्रत्येक तारेवरच्या प्रत्येक पडद्याला वेगळं चिन्ह, आणि मुळाक्षरं संपली की पुन्हा पहिल्यापासून, डोक्यावर आडवी रेघ देऊन. हे ज्याने काढलं त्याला बहुतेक ल्यूट वाजवणाऱ्यांचा राग असावा. दादांच्या रचनेशी या पंथाचा काडीचा संबंध नव्हता. धाकट्यांनी तो लिहायला घेतला.

एक दिवस बायकोने खुर्ची ओढली आणि समोर बसली. "अहो, एक विचारू? दादांना जे पाहिजे ते तुमच्या मशीनवर चालतंय ना?"

"चालतं म्हणजे, तसं चालतं."

"सरळ छापतंय ना आता? उलटं नाही?"

"सरळ."

"मग छापून द्या की आज! मी येते दुकानात बरोबर."

"तुला कळत नाही. सासूबाई पानाची मांडणीच बदलायला सांगतायत. आज चार पानं भरायची आणि उद्या सगळी पुन्हा भरायची? आणि पुन्हा काही चुकलं तर? दादा ते तसंच वाजवत बसेल आठवडाभर."

"चुकलं तर बदलून देऊ. डोळे देता येतील का बदलून?"

धाकटे चिडले. काम करणाऱ्याला घरून उत्तेजन मिळत नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलून बाल्कनीत जाऊन उभे राहिले. समोरच्या बाल्कनीत डेंटिस्टबाई फडकी वाळत घालत होत्या. "दात आवळता का हो हल्ली?" त्यांनी तिथूनच विचारलं. "जबडा बघा किती फुगलाय. या उद्या, साचा करून देते. झोपताना घालायचा." धाकटे दुसऱ्या दिवशी गेले. साच्याने जबडा बरा झाला, पण साचा तोंडात असताना ते बायकोशी भांडायचे ते तिला एक अक्षर कळायचं नाही, आणि ती हसायची. त्याने अपमान दुप्पट झाला.

मध्येच दादांकडे जाणं व्हायचं, पण कमी. गेलं की कामाचं काय झालं हा विषय निघणार, म्हणून धाकटे जायचंच टाळायचे. एकदा गेले तेव्हा दादा बोलताना त्यांच्या तोंडाकडे न बघता कानाकडे बघून बोलत होते. धाकट्यांना वाटलं, रागावलाय. मधला डाग चुकवून कडेने बघायचा प्रयत्न चाललाय, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. "दादा, जरा वेळ लागतोय," ते अपराध्यासारखे म्हणाले.

"घाई नाही रे," दादा त्यांच्या कानाला म्हणाले. "तू नीट कर. नीट झालं पाहिजे."

वहिनी काहीतरी बोलणार होत्या. दादांनी त्यांच्याकडे मान वळवली, आणि त्या चहाचे कप घेऊन आत गेल्या.

जर्मन पंथ झाला. धाकट्यांनी काम पुन्हा सादर केलं आणि वाट बघू लागले. आणि मग फोरमवर कुणीतरी एक नवाच माणूस उगवला. त्याने सगळं वाचून एवढंच लिहिलं, "काम चांगलं आहे, पण ही सोय एका घरापुरती वाटते. इतर किती लोकांना लागणार?"

खरं म्हणजे ही सोय एका घरापुरतीच होती. एका घरातल्या एका माणसासाठी, त्याच्या चार पानांसाठी. धाकट्यांनी तिथल्या तिथे लिहायला हवं होतं, हो, एका घरापुरतीच आहे, माझा भाऊ आहे, त्याचे डोळे जातायत. लोकांनी माना डोलावल्या असत्या. कदाचित सासूबाईंनाही पाझर फुटला असता. पण नाही. एवढं राबून, कायदा विभागात खेटे घालून, जर्मन पंथ गळ्यात बांधून घेऊन वर हे ऐकायचं? धाकट्यांनी दोन ओळी लिहिल्या. "माझं काम मी परत घेत आहे. कळावे." आणि कॉम्प्युटर असा बंद केला की टेबलावरचा पेन-स्टँड आडवा झाला.

मग ते रुसले. चांगले घसघशीत रुसले. सगळा उन्हाळा त्या रुसव्यात गेला. कॉम्प्युटरला हात लावायचा नाही असं ठरलं होतं, फक्त रोज सकाळी फोरम उघडून, कुणी समजूत काढायला आलंय का तेवढं बघायचं. कुणी येत नव्हतं. तिथे दुसऱ्याच विषयावर भांडणं चालली होती. जिन्यात हेडमास्तर भेटले की विचारायचे, "काय, झालं का तुमचं ते बाळबोध?" धाकटे तोंड फिरवायचे. बायकोने विषय काढणंच सोडलं. ते धाकट्यांना आणखीनच झोंबलं, पण तेही कुणाला सांगता येईना.

आणि इतका मोठा प्रोग्रॅम घरात पडलेला असताना, सरळ पंथाची सोय मशीनवर धडधडीत चालत असताना, त्या अख्ख्या उन्हाळ्यात एका दुपारी बसून चार पानं छापावीत हे त्यांच्या मनात का आलं नाही? आलं होतं. दोनदा आलं होतं. दोन्ही वेळा त्यांनी स्वतःला सांगितलं, आता छापलं तर त्या माणसाचं खरं केल्यासारखं होईल. म्हणजे ते एका घरापुरतंच होतं, हे कबूल केल्यासारखं. माणसाला राग आला की तो कुणाचं नुकसान करतोय हे त्याला दिसत नाही, आणि धाकट्यांचे डोळे तर चांगले होते.

उन्हाळा संपता संपता सासूबाईंचा निरोप आला. लिहिलं होतं, की तुम्ही का गेलात ते कळलं नाही, काम उत्तम आहे, आम्ही ते घेतोय, फक्त एका ओळीच्या शेवटी मोकळी जागा आहे. धाकट्यांनी निरोप तीनदा वाचला आणि ती जागा पुसताना त्यांना हुंदका आला. नवी आवृत्ती जाहीर झाली. बदलांच्या यादीत, खूप खाली, एक ओळ होती: ऐतिहासिक ल्यूट लिपी, तिन्ही पंथ. बायकोने ती मोठ्याने वाचली, धाकट्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "झालं ना? आता उठा."

रचना भरायला बसले तर खरंच एका रविवारचं काम निघालं. दुपारपर्यंत चारही पानं भरून झाली. मग तपासायचं म्हणून त्यांनी प्रोग्रॅमला ती वाजवायला लावली. तो वाजवतो तसं, खटखट, कारकून शिक्के मारतो तसं. पुन्हा लावलं. पुन्हा. प्रत्येक अक्षर झेरॉक्सशी ताडून बघायचं होतं, त्यात आठवडा गेला. एकही चूक राहू द्यायची नव्हती. धाकटे कानाने ठार बहिरे, वाढदिवसाच्या गाण्यातही टाळ्या चुकवणारे. पण त्या आठवड्यात ती रचना त्यांना अशी पाठ झाली की अंघोळ करताना तोंडातून निघायला लागली. खालच्या जाड तारांवर एकेक पायरी उतरत सुरू होते, थांबते, पुन्हा उतरते. कुणी खूप वेळ विचार करून, मग बोलावं तशी.

झेरॉक्सच्या दुकानात पानं मोठ्या कागदावर काढताना दुकानदाराने रेघांवरची ती मोठीमोठी अक्षरं निरखली. "डोळे तपासायचा तक्ता का, साहेब? लॅमिनेट करून देऊ?"

"नको," धाकटे म्हणाले, आणि पैसे देऊन निघाले.

दादांनी दारातच त्यांचा दंड धरला. वहिनींनी घडीचं स्टँड खिडकीशी मांडलं. धाकट्यांनी पानं लावली, सरळ आहेत ना हे दोनदा बघून. दादा खुर्चीत बसले, त्यांनी कागदावरून हळूच तळवा फिरवला. "वा," म्हणाले, "काय अक्षर आलंय! मोत्यासारखं. किती खपलास रे."

मग तारा लावल्या. बराच वेळ लावल्या. मग पानाकडे तोंड करून, पाठ ताठ करून दादांनी सुरुवात केली.

पहिल्या दोन-चार सुरांतच धाकट्यांना कळलं. ही ती रचना नव्हती. ही दादांची जुनी, छोटीशी, नाचरी धून होती. कुणी पाहुणे आले की ते वाजवायचे ती. पाठ असलेली. जाड तारांना अजून त्यांचा अंगठासुद्धा लागला नव्हता. दादा समोरच्या पानाकडे बघत होते, मध्येच अडलं की माणूस जरा पुढे वाकतो तसे वाकत होते, आणि भलतंच वाजवत होते.

धाकट्यांनी "पाणी घेतो" म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले. वहिनी ओट्याला टेकून उभ्या होत्या.

"कधीपासून?" धाकट्यांनी विचारलं.

"उन्हाळ्यापर्यंत दिसत होतं हो," वहिनी हलक्या आवाजात म्हणाल्या. "रोज म्हणायचे, आता येईल पान, आता येईल. मग एक दिवस म्हणाले, सगळं धुरकट झालंय. तुम्हाला कळवते म्हटलं तर ओरडले माझ्यावर. म्हणाले, तो एवढा राबतोय, त्याला सांगायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले माझ्यावर."

नळ चालू करून धाकट्यांनी तोंडावर पाणी मारलं. बाहेर धून संपली.

"अरे, कुठे गेलास?" दादांची हाक आली. "पान उलट ना. माझे हात गुंतलेत."

धाकटे बाहेर आले. तोंड पुसायचं राहून गेलं होतं, पण ते दिसणारं आता समोर कुणी नव्हतं. त्यांनी पहिलं पान उचललं, जपून मागे घेतलं, दुसरं सरळ केलं.

"उलटलं," ते म्हणाले.

"हा भाग जरा अवघड आहे हं," दादा म्हणाले, आणि त्यांनी तीच धून पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.